आमचा तेहरानचा बेहरूज

फुकट काम करणाऱ्यांकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र भरपूर साठतात. आमच्याकडे तर पोत्यानं आहेत! आम्ही म्हणजे तिघं. गोत्री या गुजराती वस्तीत राहणारा मी, समोरच्या सोसायटीतली हेतल आणि उच्चारांचा कोड लिहिणारा तेहरानचा बेहरूज. अंध माणसांना कॉम्प्युटरवरचं मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ओपन सोर्स! म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला, कुणीही वापरा, कुणीही सुधारा. निदान आमची तशी समजूत होती.

*

एका सकाळी बेहरूज गायब! ज्या अमेरिकन वेबसाइटवर आमचा कोड असतो, तिथलं त्याचं खातंच बंद. आदल्याच दिवशी हेतलनं त्याच्या कोडमध्ये अकरा चुका काढल्या होत्या. तिचा चेहरा उतरला.

"रिसाई गयो लागे छे," म्हणाली. रुसला वाटतं!

तिनं माफीचा लांबलचक ईमेल लिहिला. इराणवरच्या निर्बंधांमुळे खातं बंद झालंय, असं लगेच उत्तर आलं. खाली एक ओळ होती.

"मी नाही रुसलो. अमेरिका रुसलीये!"

*

मग तो कोड ईमेलनं पाठवू लागला. हे कायद्यात बसतं का, म्हणून आम्ही ओळखीच्या वकीलकाकांकडे गेलो.

"तो तुम्हाला काय विकतो?"

"काही नाही."

"तुम्ही त्याला काय देता?"

"काही नाही."

"मग भानगड कसली?"

"उच्चारांची!"

काकांनी आठवडाभर कागद वाचले. खुला कोड चालेल, म्हणाले, पण पैसे अजिबात पाठवायचे नाहीत.

"आणि शाबासकी?" हेतलनं विचारलं.

"ती पाठवा. पण जपून!"

*

दिवाळीत हेतल लीलो चिवडा, म्हणजे आमच्याकडचा बटाट्याचा ओलसर चिवडा, घेऊन कुरियरवाल्याकडे गेली. तेहरान टाइप केल्याबरोबर त्याच्या कॉम्प्युटरनं पार्सल नाकारलं.

"चिवड्यावरपण निर्बंध?"

माणूस भला होता. बराच वेळ खटपट करून म्हणाला, "बेन, इथं जवळच डभोईला पाठवू? आजच निघेल!"

शेवटी तो चिवडा आम्ही व्हिडिओ कॉलवर बेहरूजसमोरच संपवला. "यापेक्षा निर्बंध परवडले!" तो ओरडला.

*

रेल्वेतून रिटायर झालेल्या गोखलेकाकांची दृष्टी गेली, तेव्हापासून ते आमचं सॉफ्टवेअर वापरतात. पण त्याला 'ळ' जमेना.

"फळाला फल म्हणतंय! बंद करा ते," काका वैतागले. पेपर ऐकणंच सोडून दिलं त्यांनी.

बेहरूजनं काकांच्या आवाजात दोनशे शब्द रेकॉर्ड करून मागवले. दीड महिन्यानं ईमेल आला. आम्ही कोड काकांच्या कॉम्प्युटरवर टाकला.

"कमळ. तळमळ. बाळ," कॉम्प्युटर म्हणाला.

मग काकांनी अख्खा पेपर ऐकला, जाहिरातींसकट! आणि म्हणाले, "त्या पोराला फोन लाव."

आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत काकांनी त्याचे आभार मानले. मग हुकूम सोडला, "नाऊ यू से. बाळ!"

"बाल."

"नो, नो. बाळ!"

"बाल!"

"अरे, यालाच येत नाही!" काका हसता हसता डोळे पुसायला लागले.

पलीकडे नुसती बटणांची खडखड. भाषांतर शोधत असणार. मग तेहरानहून आमच्याच सॉफ्टवेअरचा आवाज आला, स्वच्छ मराठीत.

"काका, मला ळ येत नाही. याला येतो."