एकवीस मिनिटांची बाजू

माझा थोरला भाऊ तीस वर्षं लेथवर राबला आणि आयुष्यात त्याने एकच चैन केली, प्रोग्रेसिव्ह रॉकची एक रेकॉर्ड. कव्हरवर पाण्यात बुडालेला जिना, आणि एका बाजूला एकच गाणं, एकवीस मिनिटांचं. दर रविवारी तो आम्हाला जेवायला बोलवायचा आणि ती रेकॉर्ड ऐकवून जेवण वसूल करून घ्यायचा. डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी सात-सात मात्रा मोजत सांगायचा, आता ऑर्गन मागे सरेल, आता बासरी. आम्ही जांभया गिळायचो. वहिनी मात्र दर खेपेला पहिल्यांदाच ऐकतेय अशी बसायची.

शेवटच्या वर्षी दादा आवाज फार मोठा ठेवायला लागला. मग आवाजाचं बटण वहिनीच फिरवू लागली. आम्ही बोलताना दादा आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. वहिनीचा भाऊ आमच्याच कारखान्यात फोरमन, त्याच्या नजरेतून हे सुटलं नाही. टूलची धार गेली की लेथचा आवाज बदलतो. तो बदल ज्याला ऐकू येत नाही, त्याला मशीनवर ठेवत नाहीत. आणि दादाला उठवलं तर त्या मशीनवर माझा नंबर होता, हेही सांगून टाकतो.

एका रविवारी तोही जेवायला होता. दादाने सुई ठेवली, डोळे मिटले. फोरमन पाय न वाजवता उठला आणि सुईचा दांडा उचलून जागेवर ठेवला. खोली चिडीचूप. दादाची बोटं चालूच.

"आता ऑर्गन मागे सरेल," तो म्हणाला.

मी तोंडात रुमाल कोंबला. वहिनी उठायला लागली तेव्हा तिच्या भावाने मनगट धरून तिला खाली बसवलं. मग हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. त्या शांततेत दादाने सगळं सांगितलं, बासरी, ढोल, मधला तो थांबा. मला खरं तर भीती वाटली, पण हसूही आवरेना. बरोबर एकविसाव्या मिनिटाला त्याने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"आज काय सुरेख वाजली," तो म्हणाला.

पहिला मी हसलो. दादाने माझं तोंड बघितलं, मग जागेवरचा दांडा, मग वहिनीला.

"तुला माहीत होतं?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली. फोरमनने एकेक शब्द ओठांनी नीट घडवत सांगितलं, "उद्यापासून गोदामात या, भावोजी."

लेथ मला मिळाला. तुला आता काय उपयोग, म्हणत मी रेकॉर्डही उचलून आणली. घरी लावली. नुसता गलबला. ऑर्गन कुठला आणि तो मागे कधी सरतो, काही पत्ता लागेना. पुढच्या रविवारी विचारायला गेलो. दादा गुडघ्यावर बोटं मोजत बसला होता, वहिनी समोर. मी दोनदा विचारलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही.