पाखरीच्या पाठीवरची झूल

आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस म्हणजे माझे थोरले दीर ईश्वरअप्पा, आणि सगळ्यात जास्त बोलणारी मी. त्यामुळं त्यांच्याबद्दल सांगायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. ते असते तर म्हणाले असते, सांगण्यासारखं काय हाय त्यात.

भावजींचा टांगा होता. पिंगळी स्टेशनवर उतरलेल्या सवाऱ्या ते आसपासच्या गावांत पोचवायचे. पुढं एसटी वाढल्या, टेम्पो आले आणि टांगा गोठ्याच्या भिंतीला लागला. घोडी मात्र त्यांनी विकली नाही. पाखरी तिचं नाव. तिचा खरारा आणि चारापाणी झाल्याशिवाय ते भाकरीला हात लावत नसत. आमच्या जाऊबाई नीलम्मा म्हणायच्या, पुढच्या जन्मी या घरात घोडी होऊनच यावं, निदान कुणी पाठीवरनं हात तरी फिरवील. भावजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

घोडी ठेवायचं खरं कारण महाशिवरात्रीची यात्रा. मठापुढच्या माळावर घोड्यांची शर्यत व्हायची. जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवरची झूल मठात जायची आणि पाडव्याला गावात वर्षभरात जन्मलेली सगळी लेकरं तिच्यावर निजवली जायची. सगळी म्हणजे बौद्धवाड्यातली सोडून, हे कुणी बोलून दाखवायचं नाही. त्या झुलीवर निजलेल्या लेकराला जन्मभर नजर लागत नाही अशी आमच्याकडं समजूत. दर वर्षी नीलम्मा जुन्या लुगड्यांची नवी झूल शिवायच्या आणि बहुतेक वर्षी मठात तीच जायची. पाखरीवर बसायचा आमच्या शेजारचा सूर्यभान, अंगानं काडी आणि हिमतीनं अफाट.

नामांतराच्या दंगलीनंतर दोन वर्षं यात्रा भरलीच नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला तयार नव्हती, घोडे कुठले पळवणार. पुन्हा सुरू झाली तीही मरगळलेली, वर्गणी द्यायला कुणाचा हात निघेना. अशात एका भाद्रपदात सूर्यभान दुसऱ्याच्या कपाशीवर औषध फवारायला गेला आणि कपाशीच्या ओळीतच कोसळला. बैलगाडीतनं परभणीला नेईपर्यंत तोंडाला फेस आला होता. दवाखान्यात दुसरा दिवस काही त्यानं पाहिला नाही. त्याची बायको तानुबाई तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. औषधाच्या कंपनीचा माणूस येऊन बाटलीवरची बारीक अक्षरं दाखवून गेला. ती वाचायला भिंग लागलं असतं.

पौष सरता सरता तीच कंपनी यात्रेला धावून आली. मंडप त्यांचा, लाऊडस्पीकर त्यांचा, बक्षिसाचं चांदीचं कडं त्यांचं, लेकरांना टोप्या फुकट. माझा तर जीव नुसता जळत होता. बदल्यात त्यांना एवढंच हवं होतं की प्रत्येक घोड्यानं त्यांच्या औषधाचं नाव छापलेली झूल घालून पळावं. यात्रा कमिटीचे मुख्य किशनराव ती पिवळीजर्द झूल घेऊन स्वतः आमच्या ओट्यावर आले. ते औषध त्यांच्याच दुकानात मिळायचं, हे सांगायला नको.

किशनराव गोड बोलत होते. कंपनी नसती तर यंदा यात्राच नव्हती, गावाचं नाव झालं, वगैरे. शेवटी म्हणाले, "सूर्यभानचं वाईट झालं. पन त्यानं तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, त्यात कंपनीनं काय करावं?"

"भाद्रपदाच्या उन्हात तोंड बांधून पाठीवर पंप घ्या एकदा," भावजी म्हणाले. "ज्यानं घोडी पळवली, त्याला मारणाऱ्याचं नाव मी तिच्या पाठीवर टाकणार न्हाई."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. दाराआड उभं राहून मला टाळी वाजवावीशी वाटली. पण एक गोष्ट खटकली ती मी नीलम्मांमार्फत विचारून घेतली: तानुबाईशी बोललात का? भावजी म्हणाले, तिला काय इचारायचं, तिच्यासाठीच तर करायलोय.

शिवरात्रीला सगळे घोडे पिवळ्या झुली पांघरून उभे होते. त्यांत पाखरी उघड्या पाठीची, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. नीलम्मांनी शिवलेली झूलही भावजींनी घेतली नाही, कारण कमिटीनं कंपनीची सोडून दुसरी घालायची मनाई केली होती. पाठीवर पन्नाशीचे भावजी स्वतः, धोतराचा काष्टा मारून. लोक हसले. मीही पदर तोंडाला लावला. पण पाखरीला माळाची माती ओळखीची होती आणि पाठीवरचा माणूसही. ती सगळ्यांच्या पुढं आली, चांगली घोडाभर पुढं.

लाऊडस्पीकरवर सांगितलं की झूल नाही म्हणून पहिला नंबर नाही. ताडकळसच्या घोड्याला कडं मिळालं आणि त्याची झूल वाजतगाजत मठात गेली. भावजींना त्याचं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी ते गोठ्यात पाखरीशी बोलत बसले होते. सूर्यभानसाठी एवढं तरी झालं, असं माझ्या नवऱ्याला म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच त्यांचा फार अभिमान वाटला.

पाडव्याला मठात बाया जमल्या. गाभाऱ्यासमोर ती पिवळी झूल अंथरलेली, मधोमध लाल अक्षरांत औषधाचं नाव आणि बाटलीचं चित्र. लेकरं ओळीनं निजवली होती. तानुबाई महिन्याभराची लेक घेऊन आली आणि सरळ झुलीकडं निघाली. भावजी कधी बायकांच्या घोळक्यात येत नसत, ते पुढं झाले.

"तानुबाई, ह्या झुलीवर नको. सूर्यभान गेला तो ह्याच औषधानं."

"मला म्हाईत हाय, आप्पा. गाडीत त्याचं डोस्कं माझ्याच मांडीवर व्हतं." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "गावातली समदी लेकरं निजायलीत. हिला बाप न्हाई. आता झूल बी नको का?"

भावजींनी झुलीवरच्या बाटलीच्या चित्राकडं बोट दाखवलं.

"नाव कुणाचं बी असंना," तानुबाई म्हणाली, "पन झूल पाखरीची आली असती. हिचा बाप बसायचा त्या घोडीची. आता परक्या घोड्याची घ्यावी लागायली. मला एकडाव इचारलं असतं, तर मीच म्हणले असते, घाला."

मला वाटलं, भावजी निघून जातील. ते खाली बसले आणि बायांना लेकरं उचलायला सांगितलं. मग त्यांनी झूल उलटी केली, नाव जमिनीकडं गेलं. तानुबाईनं लेकीला वर ठेवलं. आतलं अस्तर तरटाचं होतं, जाडंभरडं. लेकरू किंचाळलं. उचललं तर कोवळ्या पाठीवर लाल रेघा उठलेल्या.

तानुबाई लेकीला छातीशी धरून उभी राहिली. भावजींनी झूल पुन्हा सुलटी केली. खरारा करणाऱ्या त्या हातांनी त्यांनी तिच्यावरच्या सुरकुत्या सारख्या केल्या, अक्षरांवरच्यासुद्धा. मग हात पुढं करून लेकीला मागून घेतलं आणि त्या लाल नावावर त्यांनी स्वतः तिला निजवलं. मऊ लागलं तशी ती गप झाली.