कठड्याबाहेरची माणसं

वडिलांची मिल बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. पुढचे काही महिने ते पाळीच्या वेळेला शर्ट घालून निघत आणि बंद गेटाबाहेर बाकीच्या कामगारांबरोबर बसून राहत. आज उघडेल, उद्या उघडेल. मिल उघडली नाही. मग त्यांनी वडाळ्याला एका गोदामावर वॉचमनचं काम धरलं, आणि आईने परळच्या हॉस्पिटलात पेशंटपाशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी डबे सुरू केले. डिलाईल रोडच्या चाळीत आमची एकच खोली. संध्याकाळ झाली की सगळ्या जमिनीवर वर्तमानपत्रं आणि वर्तमानपत्रांवर पोळ्या. थोरला भाऊ गॅलरीत बसून कांदे चिरायचा. मी वही घेऊन उंबऱ्यावर बसायचे, आणि येणारा-जाणारा माझ्यावरून पाय टाकून जायचा.

आमच्याच मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत मावशी राहायची. नात्याची नव्हे. मालवणकडची, एकटी, हॉस्पिटलात आया होती. एकदा ड्युटीवर निघताना ती माझ्यापाशी थांबली.

"अगो, तू काय पायपुसणां आसस?"

तिने कनवटीची किल्ली काढून माझ्या वहीवर टाकली. "मी रात्रपाळीक जातंय. खोली रिकामी आसता. थंय बस. जाताना पंखो बंद कर."

सातवीपासून बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरापर्यंत मी त्या खोलीत अभ्यास केला. मी काय शिकतेय हे तिने कधी विचारलं नाही. पंखा मात्र विचारायची. आमच्या घरातली पहिली पदवी त्या खोलीत झाली. हे मी सगळ्यांना सांगते, आणि लाजत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत, त्यांना पदवीदानाचा फोटो भिंतीवर लावावा लागत नसेल. आमच्याकडे तो लावलाय, देवाच्या शेजारी.

फिजिक्स घेऊन मी लेझर शोच्या धंद्यात आले. लोअर परळच्या एका गाळ्यात ऑफिस होतं. पहिली दोन वर्षं वायरी उचलल्या आणि धुराच्या मशीनमध्ये पाणी भरलं. "बी.एस्सी. होऊन वायर गुंडाळतेस?" आत्या विचारायची. "फिजिक्सची वायर आहे," मी सांगायचे. मग सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि झोन लावायला शिकवलं.

झोन म्हणजे प्रकाशाची हद्द. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट असते. तिचे चार कोपरे ओढून ओढून समोरच्या भिंतीवर बसवायचे. एकदा ते बसले की लेझर जे काही काढेल ते त्या चौकटीत काढेल, बाहेर जाणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण हा प्रकाश सरळ डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. सर म्हणायचे, "नाचणारी अक्षरं पब्लिकसाठी असतात. आपलं काम चौकट. डोळ्याला स्पेअर पार्ट मिळत नाही."

गेल्या वर्षी आमची चाळ पाडायचं नक्की झालं. सगळ्यांनी खोल्या सोडून संक्रमण शिबिरात जायचं होतं. त्याआधीच्या शेवटच्या सत्यनारायणाला कमिटीने ठरवलं की लेझर शो करायचा, आणि तो मीच करायचा. माझं पहिलं स्वतंत्र काम, आणि ते माझ्याच अंगणात.

आमच्या चाळीच्या दोन इमारती समोरासमोर, मध्ये चौक, आणि चौकाच्या एका टोकाला शेजारच्या गोदामाची कोरी भिंत. शो त्या भिंतीवर. मशीन दुसऱ्या टोकाला, गेटापाशी, लोखंडी मचाणावर. सरांनी जागा पाहिली आणि बोट दाखवलं. "प्रकाश पुढे जाईल तसा पसरत जाणार. भिंतीजवळच्या शेवटच्या खोल्यांच्या गॅलऱ्या त्यात येतील. दोन्ही बाजूंच्या, सगळ्या मजल्यांवरच्या. शोच्या वेळी त्या रिकाम्या पाहिजेत. नाहीतर शो नाही."

शेवटच्या खोल्यांतली एक मावशीची. तिचे गुडघे गेलेले, जिना उतरून तिला दीड वर्ष झालं होतं. मी तिला सांगायला गेले की त्या दिवशी दार लावून आत बसावं लागेल.

"माझ्याच चाळीचो निरोप, आणि मीच दार लावून बसू?" ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी खाली येऊन सरांना म्हटलं, "गॅलऱ्या रिकाम्या नाही करणार. झोन आत घेते."

"घे. मी उद्या येऊन तपासणार. एका गॅलरीलाही प्रकाश शिवला तर केबल मी स्वतः काढेन."

पूजेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी सगळ्यांना घरात बसायला सांगितलं आणि लेझर अगदी मंद ठेवून चौकटीची नुसती हिरवी रेघ भिंतीवर टाकली. डावा कोपरा आत ओढला, मग उजवा. रेघेच्या आणि कठड्याच्या मध्ये वीतभर अंधार राहिला. दोन्ही बाजूंना, तिन्ही मजल्यांवर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मशीन बंद करून मी धावत वर गेले.

"मावशी, झालं! प्रकाश कठड्याच्या बाहेरच थांबतो. तू आत, तो बाहेर."

"बघूया तरी," म्हणत ती भिंत धरून बाहेर आली. कठड्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि खाली बघायला वाकली. डोकं बाहेर, खांदे बाहेर.

मी तिच्या डोक्यापासून कठड्यापर्यंतचं अंतर बघत राहिले.

तिने मान वळवून पाहिलं. "काय गो? माणूस कधी कठड्याच्या आत उभो रवता काय?"

खरंच नाही राहत. त्याच कठड्यावर ओणवून मी लहानाची मोठी झाले. भाजीवाल्याशी भाव करायचा तो ओणवून, समोरच्या इमारतीशी गप्पा मारायच्या त्याही ओणवून. आणि माप घेताना मात्र मी चाळ कधी पाहिलीच नाही अशा माणसासारखं कठड्याला माप लावून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सगळी चाळ अर्धी बाहेर लोंबणार होती, थेट माझ्या चौकटीत.

मी भावाला हाक मारली. "दादा, वाक. जेवढं वाकता येईल तेवढं."

"आणि पडलो तर?"

"वहिनीला मी सांगते. आता मोबाइल काढ. शूटिंग करतोस तसा हात लांब कर."

मावशीने मागून त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि मी टेप लावली. कठड्यापासून मोबाइलच्या कडेपर्यंत जवळपास तीन फूट. मी चार धरले.

आता चौकट नुसती बाजूंनी आवळली असती तर अक्षरं उपाशी माणसासारखी बारीक झाली असती. कडा नुसत्या झाकल्या असत्या तर चाळीच्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर कापलं गेलं असतं. म्हणून चौकट मी चहूबाजूंनी लहान केली, आणि शिवाय कडेच्या पट्टीत प्रकाश शून्य केला. उद्या चुकून कोपरा सरकला तरी तिथे उजेड मरेल. मचाणाचे पाय वाळूच्या गोण्यांनी दाबले आणि भोवती दोरी बांधली.

कमिटीचे सेक्रेटरी काका बघायला आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "एवढंसंच नाव? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत म्हटलं होतं ना आपण! बारशाची पत्रिका आहे काय ही?"

"काका, नाव मोठं हवं की गॅलरीत माणसं?"

काकांनी वर पाहिलं. मशीन बंद होताच बाहेर आलेले लोक प्रत्येक मजल्यावर ओणवून आमचं भांडण ऐकत होते. "माणसं," ते म्हणाले. "पण जरा ठळक कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आले. मला काही विचारलं नाही. सगळ्यांना पुन्हा आत पाठवलं, बांबूच्या टोकाला पांढरा थर्माकोल बांधला आणि प्रत्येक मजल्यावर स्वतः चढून तो कठड्याबाहेर धरला. आधी दोन फूट, मग तीन, शेवटी चार. खाली मी सगळी चित्रं एकामागून एक चालवत होते. थर्माकोल अंधारातच राहिला. मावशीच्या दारापाशी त्यांनी तो सगळ्यात जास्त वेळ धरला. तिचा आवाज मला चौकात ऐकू आला, "ओ साहेब, हात दुखत नाय? चाय पिऊन जावा."

सर चहा पिऊन खाली आले. म्हणाले, "कठड्याबाहेर चार फूट तुला कोणी सांगितले?"

"तुम्ही ज्यांचा चहा प्यायलात त्यांनी."

त्यांनी मान हलवली आणि कॉम्प्युटरपासून लांब जाऊन आईवडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी माझ्या झोनमध्ये हात घातलेला नाही.

मला जागा, किल्ली, पंखा देणारी माणसं या चाळीने दिली. पोळ्या लाटून आईने शिकवलं, रात्री जागून वडिलांनी. हे ऋण फिटणारं नाही आणि फेडायचा आवही मी आणत नाही. मला एक काम येत होतं, ते मी नीट केलं. आमच्या चाळीच्या शेवटच्या पूजेला तिन्ही मजले माणसांनी भरले होते, सगळी कठड्याबाहेर ओणवलेली. कोणालाही घरात बसावं लागलं नाही, आणि कोणाच्याही डोळ्याला प्रकाश लागला नाही.