फवारणी पंपाची स्प्रिंग आणि पुंडलिकभाऊंचं रिव्हॉल्वर

पुंडलिकभाऊंनी माझ्या टेबलावर जेवणाचा स्टीलचा डबा ठेवला, झाकण उघडलं आणि आतल्या दुपट्ट्याच्या घडीतून रिव्हॉल्वर बाहेर काढलं. दुपट्ट्याला लोणच्याचा वास येत होता.

"रामटेकेसाहेब, घोडा पडते, पन बार होत नाई," ते म्हणाले. "नऊ दिवसांनी पुतनीचं लगन हाय. काहीतरी करा."

हत्यार हातात आलं की आधी ते रिकामं आहे का ते पाहायचं, मालक कितीही सज्जन असला तरी. चक्र बाजूला काढलं. सहाच्या सहा काडतुसं आत. म्हणजे हा गृहस्थ मूल गावाहून चंद्रपूरपर्यंत एसटीत भरलेलं रिव्हॉल्वर मांडीवर घेऊन आला होता, तेही टिफिनमध्ये.

"भाऊ, हे भरलेलं आहे."

"बारच होत नाई तर भरलेलं काय न रिकामं काय!"

त्यांच्या मागे स्टुलावर त्यांच्या पत्नी मंदाबाई बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सुरुवात केली. नवरा बोलायला लागला की कुठे पाहायचं हे त्यांचं ठरलेलं असावं.

माझी उभी नोकरी भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. त्यातली बरीच वर्षं नुसत्या स्प्रिंग तपासण्यात. रिटायर झाल्यावर हत्यारं दुरुस्त करण्याचं लायसन्स काढलं आणि चंद्रपुरात परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत हे छोटं वर्कशॉप टाकलं. लोक मला बंदुकीचा डॉक्टर म्हणतात. मी स्वतःला स्प्रिंगचा कंपाउंडर समजतो.

काडतुसं टेबलावर उभी केली. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. रिव्हॉल्वरच्या मुठीत एक दणकट स्प्रिंग असते, तिला मेनस्प्रिंग म्हणतात. खटका ओढला की ही स्प्रिंग घोड्याला पुढे फेकते, घोडा टोपीवर आदळतो, टोपी पेटते आणि बार होतो. स्प्रिंगमध्ये जीव नसेल तर टोपीवर नुसती टिचकी बसते. पुंडलिकभाऊंच्या सहाही टोप्यांवर बाळाच्या गालावर पडते तशी खळी होती.

"घरी कोणी उघडलं होतं का?"

"मीच." त्यांनी छाती पुढे काढली. "जुनी स्प्रिंग तुटली होती. म्हनलं, राइस मिल चालवतो, अख्खी मशीन खोलून बसवतो, हे तर हातभर बी नाई. मोबाइलवर पायलं न बसवून टाकली."

तुटलेली स्प्रिंग त्यांनी खिशातून काढून दाखवली. गंजलेली. रिव्हॉल्वर मिलच्या ऑफिसच्या कपाटात राहायचं आणि शेजारीच भात उकडायची टाकी. वर्षानुवर्षं वाफ खाल्ल्यावर दुसरं काय होणार?

"भाऊ, लायसन्स तुम्हाला हत्यार बाळगायचं आहे. उघडायचं नाही."

"आता झालं ना बाप्पा. तुमी पाहा तर."

मी मुठीचे लाकडी पल्ले काढले आणि थांबलो. मला वाटलं होतं आत रणांगण असेल. घरी उघडलेल्या हत्यारांचं तसंच असतं: स्क्रूच्या खाचा फाटलेल्या, पकडीचे ओरखडे, एखादा तुकडा कायमचा बेपत्ता. इथे सगळं जागच्या जागी. स्प्रिंगची दोन्ही टोकं बारीक कानशीने घासून सपाट केलेली, वेढे मोजून तोडलेले. अशी टोकं घासायला माझ्या हाताखालच्या ट्रेनीला सहा महिने लागायचे. स्प्रिंगवर निळसर डाग होता आणि वास दोन गोष्टींचा येत होता: तणनाशकाचा आणि डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाचा.

ही स्प्रिंग पाठीवरच्या फवारणी पंपातली होती. मूल भागात घरोघरी असा पंप असतो आणि पंप असलेल्या घरात डबाभर सुट्या स्प्रिंग असतात.

मी पुंडलिकभाऊंच्या हातांकडे पाहिलं. एकेक बोट मोठ्या मिरचीएवढं. डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे तेलाचा प्रश्न नाही. मग मंदाबाईंच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी ते पदराखाली घेतले.

आता मला खोडी सुचली. रिटायर माणसाला करमणूक फार थोडी असते.

"भाऊ, काम एक नंबर झालंय," मी म्हणालो. "एवढी सफाई कारखान्यात पाहिली नाही. जरा खोलून दाखवता? मलाही शिकायला मिळेल." आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे सरकवला.

"आता?"

"आत्ताच."

"आता कसं होईन? चष्मा घरी राह्यला ना."

"चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

"हा जवळचा नोय, दूरचा हाय."

"मग दूर धरून करा."

मंदाबाईंना खोकला आला. पुंडलिकभाऊंनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला, सुलटा धरला, एका स्क्रूला लावून पाहिला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मिलवर पट्टा तुटला होता. पट्टा तुटल्याचा इतका आनंद झालेला मालक मी दुसरा पाहिलेला नाही. बोलत बोलत ते रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपर्यंत गेले.

"ताई, किती वर्षं पंप दुरुस्त करता?" मी विचारलं.

"लगन झालं तवापासून," त्या म्हणाल्या. आता आवाज मोकळा होता. "आमच्या टोलीतले समदे पंप माझ्याचकडे येते. यायनं ते खोललं, पन बंद करता येईना. दोन दिस ताटात पडून होतं. मंग मले म्हने, पंप जमते तर हे बी पाय. मी पायलं."

"हात चांगला आहे. पण एक कळत नाही. ज्या हाताला एवढी सफाई आहे त्याला एवढंही समजू नये, की ही स्प्रिंग इथं फार नरम पडते?"

त्यांनी दाराबाहेर एकदा पाहून घेतलं.

"कडक होती ना घरी. डब्यात होती," त्या म्हणाल्या. "मीच नरम टाकली."

"काऊन?" माझ्याही तोंडून घरची भाषा निघाली.

"मागच्या साली भाच्याच्या लगनात वरात आली तवा यायनं सलामी म्हनून चार बार टाकले. एक गोळी मांडव फाडून बाजूच्या घरच्या पान्याच्या टाकीत घुसली. टाकीखाली बाया भांडे घासून राह्यल्या होत्या. अंगावर पानी आलं तसे समदे हासले. अजून सांगते न हासते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी नाई हासली. मी होती ना तिथी, भांडे घासत."

मला क्षणभर या बाईचं फार कौतुक वाटलं. आणि लगेच रागही आला. दोन्ही खरं सांगतो.

"ताई, नरम स्प्रिंग म्हणजे बार होणारच नाही असं नसतं," मी म्हणालो. "सहा वेळा होत नाही आणि सातव्यांदा होतो. कधी टोपी उशिरा पेटते. घोडा पडला, आवाज नाही, म्हणून माणूस काय करतो? काय झालं ते पाहायला नळीत डोकावतो. तेव्हाच पेटलं तर?"

मंदाबाईंचा चेहरा उतरला.

"काल डोकावले," त्या म्हणाल्या. "मिलच्या मागं. एक डोळा बंद करून पायलं यायनं."

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी चांगली स्प्रिंग टाका. मले काई नाई म्हनायचं. पन मंग वरातीत बार होईन ना."

आता पेच माझ्यापुढे होता. नरम स्प्रिंग आत राहू देणं शक्यच नव्हतं, तो माझ्या धंद्याचा नियम. चांगली टाकून दिली, तर नऊ दिवसांनी मांडवाखाली कोणाच्या अंगावर काय येईल याचा भरवसा नाही. पुंडलिकभाऊंना कायदा सांगायचा तर तो काय मी पहिला सांगणारा होतो? तरी ते टपरीवरून परत आल्यावर सांगितला. लग्नात हवेत बार काढणं गुन्हा आहे, लायसन्स जातं, माणूस आत जातो.

"समदेच करते, साहेब," ते म्हणाले. "न हे रिव्हॉल्वर आमच्या आबाचं. आबाच्या टायमापासून आमच्या घरी सलामी हाय. नातेवाईक वाट पाहून राहते. त्यायले काय सांगू?"

लोकांना काय सांगायचं, ही खरी अडचण होती. मग उपाय माझ्या जुन्या खात्यातच सापडला.

नवी स्प्रिंग कारखान्यात तशीच बसवत नाहीत. आधी ती पूर्ण दाबतात आणि दाबलेल्या अवस्थेत ठेवतात. सोडल्यावर तिची लांबी कमी भरली तर ती बाद. याला स्क्रॅगिंग म्हणतात. या स्प्रिंगला चोवीस तास भरपूर झाले.

"स्प्रिंग टाकतो," मी म्हणालो, "पण स्क्रॅगिंग करावं लागेल." आणि त्यांना सगळं समजावलं. शिकंजा दाखवला, मायक्रोमीटर दाखवला, कारखान्यातला माझा जुना गेजही दाखवला. शेवटी म्हणालो, "दहा दिवस लागतील."

इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य काढल्यावर मोजमापात केलेली ही माझी पहिली लबाडी.

"दहा? लगन नऊ दिवसांनी हाय!"

"म्हणूनच सांगतो. घाई केली आणि ऐन वरातीत, नातेवाइकांसमोर, पुन्हा घोडा नुसताच पडला तर?"

हा घाव बरोबर बसला. पुंडलिकभाऊंनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला. "कारखान्यात असंच करते?" त्यांनी विचारलं.

"स्क्रॅगिंगशिवाय एकही स्प्रिंग पुढे जात नाही." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

रिव्हॉल्वर आणि काडतुसं ठेवून घेतली, त्यांना रीतसर पावती दिली. खळ्या पडलेली काडतुसं परत वापरायची नाहीत, हेही सांगितलं. रजिस्टरमध्ये लिहिलं: अयोग्य स्प्रिंग काढली. कोणी बसवली, हे पुंडलिकभाऊंनी छाती पुढे काढून आधीच सांगितलं होतं. त्यांचंच नाव लिहिलं. जाताना मंदाबाई कॅलेंडरकडे पाहत होत्या, पण या वेळी त्या तारखा मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्प्रिंग तयार होती. उरलेले दिवस ती कपाटात निवांत पडून होती.

अकराव्या दिवशी दोघं आले. मी घाबरतच विचारलं, लग्न कसं झालं?

"जोरात!" पुंडलिकभाऊ खुशीत होते. "समदे विचारे, भाऊ, औंदा सलामी नाई? म्हनलं, आपलं रिव्हॉल्वर स्क्रॅगिंगले गेलं. कोनाले मालूमच नाई स्क्रॅगिंग म्हनजे काय! मंग बसून समजावलं. नवरदेवाच्या मामाले तर कागदावर काढून दाखवलं. तो म्हने, तुमी भद्रावतीले नोकरीले होते काय?"

चार बार काढून जेवढा मान मिळायचा त्याहून जास्त मिळालेला दिसत होता. मी रिव्हॉल्वर समोर ठेवलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि एकदा स्पष्ट सांगितलं, की यापुढे सलामीचा एक आवाज जरी कानावर आला तरी मी स्वतः ठाण्यात जाऊन सांगेन. ते हो हो म्हणाले. रिव्हॉल्वर दुपट्ट्यात गुंडाळून डबा घेऊन ते ऑटो पाहायला बाहेर गेले.

मंदाबाई उठल्या नाहीत.

"भाऊ, माझी स्प्रिंग द्या ना," त्या म्हणाल्या. "तवापासून पंप बंद पडून हाय. धानाच्या बांधीत तन वाढून राह्यलं."

मी ड्रॉवरमधून निळ्या डागाची स्प्रिंग काढून दिली. त्यांनी ती बोटांनी दाबून पाहिली, रुमालात बांधली.

"पंपाच्या नव्या स्प्रिंगले मी बी दाबूनच ठेवते. पाट्याखाली," त्या म्हणाल्या. "पन एक रात. दहा दिस कायले लागते?"

मी मायक्रोमीटर पुसायला घेतला.

"फागुनात दिराच्या पोराचं लगन हाय," त्या दाराशी जाऊन म्हणाल्या. "तवा कोन्तं स्क्रॅगिंग काढसान?"

घरी हत्यार उघडू नका, एवढंच मी वाचकांना सांगेन. हात कितीही चांगला असो आणि हेतू त्याहून चांगला असो. बाकी माझ्या कॅलेंडरवर आता त्यांच्या घरची सगळी लग्नं पेन्सिलने लिहिलेली असतात. प्रत्येक लग्नाच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंगची तारीख येते, आणि पुंडलिकभाऊ डबा घेऊन स्वतःच येतात.