हळदीच्या फोटोंतला माणूस
जुनी हार्ड डिस्क हाताला लागली आणि ती बाई आठवली. पनवेलच्या एका स्टुडिओत मी फोटो निवडायचे काम करायचे. तिचा नवरा तळोज्याला कामावर गेला होता, तो दोन दिवस परतला नव्हता. पोलिसांना त्याचा फोटो हवा होता, घरात एकही नव्हता, म्हणून ती स्टुडिओत आली होती. आम्ही काढलेले तिच्या पुतण्याच्या हळदीचे दोन हजार फोटो मी उघडले. नखाएवढे चेहरे भराभर वर सरकत होते. "ताई, हळू सरकव, तोंडं दिसत नाय," ती म्हणाली. तो नजरेतून निसटला तर, या भीतीने मी एकेक फोटो मोठा करून दाखवू लागले. शेवटी पंगतीत भात वाढताना तो दिसला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी रुग्णालयांत पाठवलेल्या त्या फोटोवरून एका नर्सने वॉर्डातला बेशुद्ध माणूस ओळखला. तो वाचला. आजही कुठल्याही समारंभाचे फोटो बघताना मी आधी वाढपी बघते.