धुरपतानं न घेतलेलं नाव

साठी उलटलेली धुरपता दुपारी गायीच्या कोठ्यात कोण्या माणसाशी गुलूगुलू बोलते, अशी केशोरीत कुजबुज होती. सोडली शेजारच्या सावित्रीबाईनं. कुडाला कान लावणं हा तिचा जुना धंदा. "घरी नवरा लुळा पडून राहिला, न् हे कोठ्यात पिरेम करून राहिली वं!" गोष्ट एसटीत बसून अर्जुनीलाही जाऊन आली.

धुरपताचा नवरा दुधराम. माघात त्याला लकवा मारला आणि उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "घरच्या माणसानं समोर बसून त्यांचं नाव एकेक अक्षर म्हणावं. ओठ पाहून जीभ पुन्हा शिकते." मुलगा ओमेश बसला. म्हातारा त्याच्याकडे बघेचना. डोळे सारे धुरपताच्या ओठांवर.

इथंच घोडं अडलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला आईनं शिकवलेलं. लग्नात उखाण्यालाही तिनं पदर तोंडात कोंबला होता. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा जिभेला वर्ज्य. दुकानाला ती 'वाण्याचं घर' म्हणे. बायका मुद्दाम विचारायच्या, "धुरपते, गायीनं काय देल्लं वं?"

"पांढरं!" ती हसायची.

पोट दुखलं तरी 'टोचते' म्हणायची. चाळीस वर्षांत तिचं काही दुखलंच नाही.

"माय, घे ना नाव. काऊन नाही घेत?" ओमेश म्हणाला.

"घेतलं न् थे गेले तं?"

"न घेता तरी कोठं बोलून राहिले?"

धुरपता उठून कोठ्यात गेली. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. आठव्या दिवशी मात्र ती बाहेर येऊन थेट खाटेसमोर बसली. ओठांचा चंबू केला. "दु..."

दुधरामचेही ओठ गोल झाले. धुरपता घाबरली, तिनं तोंडावर हात ठेवला. म्हातारा तसाच गोल ओठांनी वाट पाहत राहिला.

"सकाळी म्हणतो," ती म्हणाली.

सकाळी दुधराम नव्हता.

तेराव्यानंतर ग्रामपंचायतीत बाबूनं दाखल्यासाठी विचारलं, "मयताचं नाव?" ओमेश तोंड उघडणार, तोच धुरपता बोलली. "दुधराम." चारही अक्षरं, स्वच्छ, कुठं न अडखळता. बाबूनं लिहून घेतलं.

कोठ्यात गायीशिवाय कोणी नव्हतं. धुरपता तिथं नवऱ्याचं नाव म्हणायला शिकत होती.