निंबाखालची जागा आणि माझी तीस कलमं

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या साडूला ठसका लागला होता, आणि बायकोनं मलाच दोषी धरलं. आज तुम्हाला माझ्या आयुष्यातला एक नंबरचा गाढवपणा सांगणार आहे. पण सांगताना मान खाली घालणार नाही हं! चूक माझी, शंभरदा कबूल. पण ज्याच्याशी भांडायला गेलो होतो त्याच्याशी आजही भांडेन. फक्त आधी त्याला नीट ओळखून घेईन, एवढंच.

महाराष्ट्र तेव्हा नवा-नवा होता, आणि मीही. खामगावला कॉलेजात होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बुलढाण्याला घरी आलो, तर वडील म्हणाले, "घरी बसून काय करतो? काझीसाहेबांकडे जा."

काझीसाहेब म्हणजे आमच्या गावातले वकील. एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची 'मानवी हक्क समिती' होती. समिती म्हणजे ते स्वतः, एक टाईपरायटर आणि माझ्यासारखे सुट्टीतले बिनपगारी उमेदवार. पंधरा दिवस मी माठ भरला, कार्बन लावून अर्ज उतरवले आणि पाकिटांना तिकिटं चिकटवली. मात्र तिथं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची एक पुस्तिका होती. त्यातली तीसच्या तीस कलमं मी तोंडपाठ केली. मग काय विचारता! घरी वरणात मीठ कमी पडलं तरी मी आईला कलम सांगायचो.

सोळाव्या दिवशी काझीसाहेबांनी बोलावलं.

"बेटा, मोताळ्याच्या बाजारात निंबाच्या झाडाखाली एक वांगेवाली बसते. तिची आई बसायची तिथंच ती बसते. बाजाराच्या ठेकेदारानं तिला तिथून उठवलंय. त्याच्या मेव्हण्याला तिथं हॉटेल टाकायचंय म्हणे. आज तालुक्याचे बीडीओ साहेब पाहणीला येतायत. आज तक्रार हातात पडली तर जागा राहील. नाही पडली तर पुढच्या बाजाराला तिथं भजी तळली जातील."

"मी जातो! सगळ्या बाजाराला जागं करतो!"

"काही जागं करू नको. तीन गोष्टी विचार. बाईचं नाव काय, झालं काय, आणि केलं कोणी. लिही, वाचून दाखव, अंगठा घे, साहेबांच्या हातात दे. आणि एक ध्यानात ठेव. तिच्या वतीनं आपण बोलायचं नाही. तिला तोंड आहे."

"हो हो," म्हणालो मी. ऐकलं कोणी? मी मनातल्या मनात भाषण रचत होतो!

एस.टी. राजूर घाट उतरून मोताळ्याला पोचली तेव्हा दहा वाजले होते. बाजार गच्च भरलेला. निंबाखाली बांबू आणि ताडपत्री आधीच येऊन पडली होती, आणि पलीकडे रणरणत्या उन्हात वांग्यांचा ढीग मांडून ती बाई बसली होती. वय चाळिशीच्या आतबाहेर. शेजारी मेथी घेऊन तिची धाकटी जाऊ, आणि तिच्या पलीकडे मिरच्यांपाशी सून. तिघी एकाच घरातल्या.

मी वही उघडली. "मावशी, मी समितीकडून आलो. काय झालं ते सांगा."

बाई धडाधडा बोलायला लागली. आईपासूनची जागा कशी, पाटी कशी फेकली, वांगी कशी लोळली, सगळं. माझी पेन्सिल पुरेना.

"शाब्बास! आता सांगा, हे केलं कोणी? त्या ठेकेदाराचं नाव काय?"

बाई वांगी पुन्हा रचायला लागली.

"कोणी उठवलं तुम्हाला?"

बाईनं पदर तोंडाशी नेला आणि खाली पाहिलं. "ते... ते नाही सांगता येत बाबू."

माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या आला असता की नाही? पाटी फेकलेली सांगते, पण फेकणाऱ्याचं नाव घेत नाही! मी जावेकडे वळलो.

"तुम्ही सांगा. कोण तो?"

जावेनं कानाला हात लावला. "अगं माय! मी कशी सांगू? मले बी नाही चालत."

सुनेला विचारलं, तर ती मिरच्या टाकून मागंच वळली. खांदे हलत होते तिचे. मला वाटलं, रडते आहे बिचारी. ती हसत होती हे मला फार उशिरा कळलं.

दहशत! दुसरं काय? तीन बायका, आणि एकीच्याही तोंडून नाव फुटेना! बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम एकोणीस माझ्या डोळ्यांपुढं नाचायला लागलं. मी बाईसमोर उकिडवा बसलो आणि छाती ठोकून म्हणालो, "मावशी, घाबरू नका! नाव घ्या. बिनधास्त घ्या! नाव घेतल्यानं कोणी मरत नाही!"

तिघींनी एकदम जीभ चावली. "असं अभद्र बोलू नका हो!" जाऊ म्हणाली.

आता इथं थांबून एक गोष्ट कबूल करतो. माझ्या स्वतःच्या आईनं जन्मात कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात ती मलाच पुढं करायची, "सांग रे, बाबाचं नाव सांग." म्हणजे नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे मी आईच्या बोटाला धरून शिकलेलो होतो! सासऱ्याचं घेत नाहीत, मोठ्या दिराचं घेत नाहीत, आणि त्याच नावाचा दुसरा कोणी असला तर त्याचंही घेत नाहीत. वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. पण माझ्या डोक्यात तीस कलमं ठासून भरली होती ना, मग आईला जागा कुठून उरणार?

मी तिथंच मांडीवर कागद आणि कार्बन घेऊन अर्ज लिहिला. भाषा ऐका. "अर्जदार: एक दहशतग्रस्त महिला. गैरअर्जदार: ज्याचे नाव उच्चारण्याची या बाजारात कोणाची छाती होत नाही असा इसम."

काय पण लिहिलं! स्वतःवरच खूश होऊन मी शेजारच्या शेंगदाणेवाल्याला विचारलं, "काका, खरं सांगा. या बाईंना कोणी उठवलं?"

"कोन म्हंजे? महादेवनं," तो सहज म्हणाला, आणि शेंगदाणे मोजायला लागला.

आणि नेमकं तेव्हाच गर्दीतून कोणीतरी हाक मारली, "ओ महादेवभाऊ!"

मी वळून पाहिलं. सहा फूट उंची, पांढरा पटका, कानापर्यंत मिशा. तो माणूस बाजारातून सरळ आमच्याकडे येत होता. आणि तो दिसताच काय व्हावं? जावेनं पदर पुढं ओढला, सून झटक्यात उभी राहिली, आणि वांगेवालीचं बोलणं बंद! तुम्हीच सांगा, आणखी पुरावा काय हवा होता?

डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन जुलमी माणूस बाजारात हिंडत नसतो, हे ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. मी अर्जात 'इसम' पुढं 'महादेव, पटकेवाला' असं जाड अक्षरात लिहिलं आणि जाऊन त्याचं मनगट धरलं.

"महादेव तुम्हीच का?"

"हाव. काऊन बाप्पा?"

"तुमची दहशत आज संपली!"

त्यानं डोक्यावरची पाटी हळूच खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग मागं पाहिलं, मी दुसऱ्या कोणाला बोलतोय की काय म्हणून. "माही?"

तोवर निंबाखाली जीप येऊन थांबली होती. बीडीओ साहेब खुर्चीवर बसले, आणि खुर्चीमागं एक बारीक, गुळगुळीत दाढी केलेला, हसतमुख गृहस्थ त्यांना वारा घालत उभा होता. मी पटकेवाल्याला ओढत तिथं नेलं. ओढत कसला! त्यानं मनावर घेतलं असतं तर मला काखेत मारून नेलं असतं. पण तो बिचारा आपणहून चालत आला. मी अर्ज साहेबांच्या हातात दिला, जवळच्या बैलगाडीवर चढलो आणि सुरू झालो.

"साहेब! हाच तो माणूस! याच्या भीतीनं या बाजारातल्या बायांची वाचा गेली आहे! प्रत्येक माणसाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे..."

"अहो बाबू," वांगेवाली धावत आली, "हे नाही! ते! ते तिकडचे..."

"घाबरू नका मावशी, मी आहे ना! मी बोलतो!"

"अहो पन..."

"तुम्ही शांत राहा! तुमच्या बोलण्याच्या हक्कासाठीच मी बोलतोय!"

हे वाक्य मी खरंच म्हणालो. चारशे माणसांसमोर. त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली, पण अजून आंघोळ करताना हे वाक्य आठवलं की मी तांब्या डोक्यावर जोरात ओततो.

साहेबांनी पटकेवाल्याला विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

"मंडळी हाय साहेब माही."

बाजारात हशा पिकला. मी गाडीवर तसाच, एक हात वर. आणि खुर्चीमागचा तो हसतमुख गृहस्थ साहेबांच्या कानाशी वाकला. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"घरचं भांडन हाय साहेब, नवराबायकोचं. हे पाहा, अर्जातच लिहेल हाय. जागेचा काही संबंधच नाही. कागद फाडून टाका अन् चला, जेवन तयार हाय."

तो ठेकेदार होता. त्याचंही नाव महादेव. माझ्याच अर्जानं त्याला सोडवलं होतं! साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. बाईची आईपासूनची जागा जात होती, आणि घालवणारा ठेकेदार नव्हता, मी होतो.

तेवढ्यात माझ्या शर्टाला हिसका बसला. वांगेवाली!

"खाली उतर बे! अन् चूप बस जरासा!"

मी उतरलो. तिनं पदर कमरेला खोचला आणि साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. एकदा नवऱ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे. मग असा आवाज काढला की पार गुरांच्या बाजारापर्यंत गेला असेल.

"साहेब, टोपन काढा! हा महादेव, माहा नवरा. तुमच्या मांगं वारा घालून राह्यला तो महादेव ठेकेदार. माही पाटी फेकली त्या महादेवनं. माह्या मायची जागा घेतली त्या महादेवनं! घ्या, घेतलं नाव! चारदा घेतलं! मले पाप लागलं तं लागू द्या, पन जागा मी सोडत नाही!"

जावेनं डोळे मिटले होते. सगळ्यांच्या नजरा पटकेवाल्यावर, की आता याला काय होतं!

त्यानं छातीवर हात ठेवला. मग मिशीतल्या मिशीत म्हणाला, "मले तं काहीच झालं नाही वो. जित्ता हाय मी."

आणि मग बाजार असा काही फुटला! शेंगदाणेवाला बोलला, गूळवाला बोलला, बांगडीवाले अत्तारमियाँ पुढं होऊन म्हणाले, "साहब, हमने आँखों से देखा है." ठेकेदाराचं वारा घालणं थांबलं होतं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की बांबू उचला, बाई जागेवर बसतील, लेखी हुकूम मागून येईल. माझा अर्ज त्यांनी घडी करून बॅगेत टाकला. बाई निंबाखाली बसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी मी काझीसाहेबांपुढं उभा. गाढवपणा थोडा कमी करून आणि विजय थोडा वाढवून सांगितला. ते कार्बनची प्रत वाचत होते. 'दहशतग्रस्त महिला' पाशी थांबले. चष्मा काढला.

"जागा मिळाली, बहुत अच्छा. आता लेखी हुकूम निघेल. कोणाच्या नावानं निघेल?"

"त्या... वांगेवालीच्या."

"नाव?"

"निंबाखाली बसतात त्या. महादेवभाऊंच्या..."

"बेटा, नाव."

शिंप्याचं मशीन खाली खटखट चालू होतं. मी पुस्तिकेकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली पहिलीच गोष्ट मी विचारली नव्हती! बाजाराला मी दिवसभर नाव घ्यायला लावलं, आणि जिच्यासाठी लावलं तिचं नाव काय, हे मला ठाऊक नव्हतं.

काझीसाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सकाळची पहिली एस.टी. सहाला आहे."

दुसऱ्या दिवशी मोताळ्यात घर शोधत गेलो. विचारायचं तरी कोणाचं घर? शेवटी महादेवभाऊंचंच नाव सांगावं लागलं. भाऊ ओट्यावर वांगी निवडत बसले होते. मला पाहून त्यांनी आपणहून मनगट पुढं केलं. "घे, धर."

आत सून पुन्हा खांदे हलवायला लागली. वांगेवाली हात पुसत बाहेर आली.

"आता काय राह्यलं बे?"

मी वही उघडली. पेन्सिल हातात, मान खाली. हो, तेवढी एकदा खाली घातली होती. "मावशी... ते... तुमचं नाव विचारायचं राहिलं होतं."

मग ती माझ्यासमोर, मी काल बसलो होतो तशीच, उकिडवी बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अनसूया. लिही. घाबरू नको बाबू, बिनधास्त लिही. माहं नाव घेतल्यानं कोनी मरत नाही."